लपविलेला कान

एकादी गोष्ट चोरून करावी लागते एवढ्यावरूनच ती वाईट ठरते काय? नित्याच्या अनुभवाकडे पाहिलें तर या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेंच द्यावें लागेल. गुप्तदान चोरूनच करतात. घरच्या वृद्धांचें औषध किती महाग आहे हें मुलें त्यांच्यापासून लपवितात, आणि त्यांना कोणी लबाड म्हणत नाहीं. तेव्हां लपविणें या क्रियेला स्वतःची अशी नीति नाहीं. कोणापासून लपविलें, कशासाठीं लपविलें आणि कोणाच्या हिताकरितां लपविलें यांवर तिचा बरेवाईटपणा अवलंबून आहे, हें सामान्यतः कोणीहि मान्य करील. मग हाच न्याय गाण्याच्या बैठकींत पिशवींत यंत्र दडवून बसणाऱ्या श्रोत्याला लावला तर निकाल काय लागेल? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु जे प्रश्न लहान दिसतात त्यांतच आपण स्वतःला अधिक सहजपणें फसवीत असतों, म्हणून त्याचा थोडा विचार करावा असें मनांत आहे.

एडिसननें १८७७ सालीं आपलें बोलकें यंत्र सिद्ध केलें तेव्हां त्याच्यासमोर उभें राहून मोठ्यानें बोलावें लागे. चोरून कांहीं टिपण्याची सोय त्यांत मुळींच नव्हती. १९६३ सालीं कॅसेट निघाली आणि टेपरेकॉर्डर हळूहळू काखोटीस मारण्याइतका लहान झाला. आज तर प्रत्येकाच्या खिशांतील टेलिफोनच तें काम करतो. पूर्वीं बैठकींत यंत्र आणणारा श्रोता शंभरांत एकादा असे, व त्याला निदान तें आणतांना कांहीं संकोच वाटे. आतां यंत्र आणावें लागत नाहीं, तें आलेलेंच असतें. आणि ज्या कृत्याला कांहींच सायास पडत नाहींत त्याबद्दल माणूस स्वतःला जाब विचारीत नाहीं.

या उद्योगाचा मूळपुरुष शोधूं गेल्यास आपल्याला अमेरिकेंत जावें लागेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या प्रसिद्ध नाट्यगृहांत लायोनेल मेपल्सन या नांवाचा एक ग्रंथपाल होता. संगीताच्या छापील वह्या सांभाळणें हें त्याचें काम. १९०० सालीं त्यानें मेणाच्या नळीवर आवाज कोरणारें एडिसनचें यंत्र विकत घेतलें आणि तो चालू प्रयोगांतील गाणें टिपूं लागला. प्रथम त्यानें आपला कर्णा रंगभूमीच्या पुढील भागीं, सूचक बसतो त्या पेटींत ठेवून पाहिला. तेथें तो फार अडचणीचा होऊं लागला, तेव्हां त्यानें यंत्र उचलून रंगभूमीच्या वर, पडदे ओढण्याच्या माळ्यावर नेलें. तेथून उतरलेला आवाज दूरचा, खरखरीचा. एका नळीवर मावे तो दोनतीन मिनिटांचाच. टाळ्यांत आणि खरखरींत गायकाचा स्वर शोधून काढावा लागतो. पण झां द रेझ्के या विख्यात गायकाचा आवाज आज ऐकावयाचा झाल्यास त्या खरखरींतच ऐकावा लागतो. दुसरीकडे तो कोठें उरला नाहीं. मेपल्सन हा त्या नाट्यगृहाचाच नोकर असल्यामुळें त्याचें काम निव्वळ चोरीचें म्हणतां येणार नाहीं. तो लपत होता तो प्रेक्षकांच्या दृष्टीपासून. प्रयोगाचा रसभंग होऊं नये म्हणून.

येथें आपल्या विषयाचें पहिलें सूत्र हातीं लागतें. यंत्र लपविण्याचे दोन प्रकार आहेत. अडचण होऊं नये म्हणून लपविणें हा एक, आणि कळूं नये म्हणून लपविणें हा दुसरा. पहिल्यांत सभ्यता आहे. गवयाच्या तोंडासमोर लोखंडी दांडा उभा करणें, त्यावर तांबडे दिवे लुकलुकविणें, मध्येंच उठून तारा सारखणें या गोष्टी शेजाऱ्यांच्या आनंदाचा घात करणाऱ्या आहेत. म्हणून ज्याला खरेंच चांगलें काम करावयाचें आहे तो आपलें यंत्र लहान, काळसर, एका कडेला आणि मुकें ठेवतो. परंतु त्यानें तें गवयाला आधीं सांगितलेलें असतें. दुसऱ्या प्रकारांतहि यंत्र तितकेंच लहान आणि तितकेंच मुकें असतें. फरक एवढाच कीं, ज्याचा आवाज घ्यावयाचा त्याच्यापासूनच तें लपविलेलें असतें. बाहेरून पाहणाराला हे दोन्ही प्रकार एकसारखे दिसतील. म्हणूनच आपण दुसरा प्रकार करीत असतांना 'आम्ही केवळ पहिलाच करीत आहों' अशी मनाची समजूत घालणें फार सोपें जातें.

आणि गंमत अशी कीं, ध्वनिशास्त्र या दुसऱ्या प्रकाराला फारसें अनुकूल नाहीं. मोकळ्या जागेंत गाणाऱ्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं त्याच्या आवाजाची तीव्रता चतुर्थांशावर येते. उलट भिंतींवरून परतून खोलीभर पसरणारा नाद जवळजवळ सगळीकडे सारखाच राहतो. म्हणून चांगलें ध्वनिलेखन व्हावयाचें तर मायक्रोफोन गवयाच्या समोर, चारपांच हातांच्या आंत, बसलेल्या मंडळींच्या डोक्यांहून थोडा उंच आणि तबल्याकडे न झुकणारा असा ठेवावा लागतो. अशी जागा मालकाच्या व गवयाच्या संमतीवांचून मिळणें कठीण. पिशवींत किंवा शालीखालीं दडविलेल्या यंत्राची दशा काय होते हें ज्यानें अनुभविलें आहे त्याला सांगावयास नको. कापडामुळें आवाजाची धार बोथट होते, तंबोऱ्याची जवारी पुसट होते, आणि शेजारच्या गृहस्थांचा खोकला मात्र गवयाच्या षड्जाहून मोठा उतरतो. ज्याला गाण्याचेंच प्रेम आहे त्यानें केवळ गाण्याच्या हितासाठीं सुद्धां विचारून यंत्र ठेवावें, असा निष्कर्ष यावरून निघतो. तरीहि माणसें विचारीत नाहींत. कां, तर विचारल्यास 'नाहीं' असें उत्तर येण्याचा संभव असतो.

आतां चोरून टिपणाऱ्याची बाजू त्याच्या तोंडूनच ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ आहे असें मानण्याची घाई आपण करूं नये. तो म्हणेल: "भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. महाराष्ट्रांतील एका पिढीनें ज्यांच्या गाण्यावरून जीव ओवाळून टाकला त्यांचा एक स्वरहि आज आपल्यापाशीं नाहीं. अल्लादिया खां १९४६ पर्यंत हयात होते. ध्वनिमुद्रिकांचा धंदा हिंदुस्थानांत १९०२ सालींच सुरू झाला होता. तरी त्यांचाहि आवाज आपल्याला मिळाला नाहीं. त्या काळीं एकाद्या श्रोत्यानें चोरून एक तबकडी कोरली असती तर आज तुम्ही त्याला चोर म्हणाला असतां कीं त्याचे पाय धरले असते?" या प्रश्नापुढें कोणाहि संगीतप्रेमी माणसाला क्षणभर गप्प बसावें लागेल. अन्नपूर्णादेवींचें उदाहरण तर अगदीं अलीकडचें आहे. मुंबईंत राहून त्यांनीं कित्येक दशकें एकाहून एक थोर वादक घडविले. पण स्वतः जाहीर वादन सोडलें, आणि विक्रीकरितां एकहि मुद्रिका दिली नाहीं. २०१८ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या सुरबहाराचें जें थोडें वादन आज रसिकांच्या कानांवर पडतें तें बहुतेक त्यांच्या इच्छेवांचून टिपलेलें आहे. तें ऐकतांना माझेहि डोळे भरून आले आहेत, हें मीं येथें लपवून ठेवणें या लेखाच्या विषयालाच शोभणार नाहीं.

परंतु या युक्तिवादांत एक गोष्ट नीट पाहावयास हवी. भावी पिढी ही या खटल्यांत हजर नाहीं. तिचें वकीलपत्र घेऊन जो उभा राहतो तो बहुधा आज त्या ऐवजाचा उपभोग घेणारा असतो. चोरून टिपणाऱ्यांपैकीं किती जणांनीं आपला संग्रह नीट नोंदून, तारीखवार लावून, एकाद्या संस्थेच्या स्वाधीन केला? बहुतेकांच्या कपाटांत कॅसेटींना बुरशी आली आणि फोनमधील नाद फोनबरोबर नाहींसे झाले. शिवाय टिपणारा हा निःपक्षपाती साक्षीदार असतो असेंहि नाहीं. अमेरिकेंत डीन बेनेडेटी या नांवाचा एक वादक चार्ली पार्कर या थोर सॅक्सोफोनवादकाचा भक्त होता. १९४७-४८ सालीं क्लबांतून त्याचें वादन टिपतांना तो बहुतेक ठिकाणीं पार्करचाच भाग तेवढा घेई आणि इतर वादक वाजवूं लागले कीं यंत्र बंद करी. १९९० सालीं तें सारें प्रसिद्ध झालें तेव्हां रसिकांना एक अपूर्व ठेवा मिळाला, पण ज्यांच्या साथीनें पार्कर फुलत होता ते सोबती त्यांतून बहुतांशीं गळून गेले होते. भक्ति जें राखते तें आपल्या आवडीप्रमाणें कातरून राखते.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. केसरबाई केरकर या आपल्या विद्येच्या बाबतींत किती दक्ष होत्या हें महाराष्ट्राला व गोमंतकाला माहीत आहे. आपली गायकी कोणी परस्पर उचलून नेऊं नये याची त्यांना फार काळजी असे. कोणी याला कार्पण्य म्हणतील. परंतु ज्या स्त्रीनें अनेक वर्षें गुरूची मर्जी सांभाळून, अपमान गिळून आणि पाण्यासारखा पैसा ओतून एक एक तान मिळविली, तिला ती तान ही आपली कष्टार्जित मिळकत वाटली तर त्यांत नवल काय? शेतकऱ्याच्या उभ्या पिकांतून कणीस तोडणाऱ्यानें 'मी तें बियाण्यासाठीं जपून ठेवणार आहें' असें म्हटल्यानें तोडणें क्षम्य होतें काय? आणि दैवगति पाहा: १९७७ सालीं अमेरिकेनें जीं दोन व्हॉयेजर यानें अवकाशांत सोडलीं त्यांवरील सोनेरी तबकडींत याच केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाई वारल्या. आज तो स्वर सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेला आहे. मात्र तो कोणीं चोरलेला नव्हता. बाईंनीं स्वतः होऊन यंत्रापुढें बसून दिलेल्या मुद्रिकेंतील तो होता. जी विद्या त्यांना राखावयाची होती ती त्यांनीं राखली, आणि जी द्यावयाची होती ती इतक्या दूरवर गेली.

यावर कोणी म्हणेल, "श्रोत्याची स्मरणशक्ति हेंहि एक यंत्रच नव्हे काय? तिला कोठें बंदी आहे?" आक्षेप चांगला आहे, आणि आपल्या संगीताच्या इतिहासांत त्याला आधारहि आहे. ग्वाल्हेर दरबारीं बडे महंमदखां यांची तानबाजी हद्दूखां-हस्सूखां या बंधूंनीं पडद्याआड बसून ऐकली आणि आत्मसात केली, अशी आख्यायिका जुने लोक सांगत. म्हणजे लपविलेला कान हा विजेच्या यंत्राआधींहि होताच. त्या कृत्याला निष्पाप कोणींच म्हटलें नाहीं. पुढें हस्सूखां एक अवघड तान घेतांना छातीला ताण बसून गेले असें जें त्या कथेचें शेपूट आहे, तें कदाचित् या अपराधाची शिक्षा म्हणूनच लोकांनीं जोडलें असावें. तथापि एक भेद राहतोच. पडद्याआडच्या त्या भावांना जें मिळालें तें त्यांच्या गळ्यांत उतरण्यापूर्वीं त्यांना महिनोन् महिने घाम गाळावा लागला. स्मरण हें ऐकलेल्या गोष्टीला आपल्यासारखें करून घेतें. बरेंच विसरतें, कांहीं बदलतें. गवयाचा त्या रात्रींचा कणसूर, त्याचा थकवा, मध्येंच लागलेला ठसका, श्रोते घरीं पोंचेपर्यंत विसरून जातात आणि जें उत्तम होतें तेवढें आठवतात. यंत्राला ही दया नाहीं. बैठकींतला गवई जो धोका पत्करतो, जी अनोळखी वाट धरतो, ती चुकल्यास तो क्षण येथेंच विरून जाणार आहे या भरंवशावर. तो भरंवसा आपण त्याला न कळवितां काढून घेतला तर आपण त्याच्याशीं एक करार करून दुसराच पाळला असें होतें.

"पण यंत्र समोर दिसलें कीं गवई सावध होतो आणि गाणें आखडतें, खरें गाणें हवें तर तें लपविलेंच पाहिजे," असेंहि कित्येक म्हणतात. यांतील वस्तुस्थिति खरी आहे. अनुमान मात्र उलटें आहे. माणूस घरच्या मंडळींत एक बोलतो आणि सभेंत दुसरें बोलतो. तो सभेंत आखडतो म्हणून त्याच्या घरांत चोरकान बसवावा असें कोणी म्हणणार नाहीं. सावध होण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तो अधिकार बजावण्यासाठीं आपलें बोलणें कोठवर पोंचणार आहे हें त्याला कळावयास हवें.

कायद्याकडे पाहिलें तर तो येथें आश्चर्य वाटावें इतका उदार आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन गायकवादकांना आपल्या प्रयोगावर स्वतंत्र हक्क मिळाला. परवानगीवांचून त्याचें ध्वनिमुद्रण करणें हा त्या हक्काचा भंग आहे. पण त्याच कायद्याच्या पुढील एका कलमांत, टिपणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं केलेलें मुद्रण त्यांतून वगळलें आहे. म्हणजे जो आपल्यापुरतें टिपतो त्याला हें कलम गुन्हेगार ठरवीत नाहीं. हें योग्यच असेल. प्रत्येक खिशाची झडती घेणारा कायदा कोणालाच नको. परंतु कायदा जेथें सोडून देतो तेथें आपली सुटका झाली असें ज्याला वाटत नाहीं त्याच्यासाठींच नीतिविचार असतो, आणि मला तसें वाटलें नाहीं याचें कारण आतां सांगितलें पाहिजे.

१९९६ सालच्या हिवाळ्यांत, मी नुकताच कॉलेजांत शिकवूं लागलों होतों तेव्हां, एका वाड्याच्या माडीवर पंचवीसतीस श्रोत्यांची बैठक होती. गाणारे बुवा सत्तरी ओलांडलेले. मी लोडाला टेकून बसलों होतों आणि माझ्या गुडघ्याजवळ शबनम पिशवींत एक लहान टेपरेकॉर्डर चालू होता. मध्यरात्रीच्या सुमारास बुवांनीं तंबोरे पुन्हा जुळवून घेतले आणि म्हणाले, "ही चीज मला गुरुजींनीं त्यांच्या शेवटच्या दुखण्यांत दिली. मी बाहेर कोठें म्हणत नाहीं. आज सगळी घरचीच मंडळी आहेत, म्हणून म्हणतों." तें वाक्यहि माझ्या टेपवर उतरलें. बुवा गाऊं लागले. अर्ध्या तासाची ती बाजू संपली तेव्हां ते नेमके खालच्या षड्जावर येऊन थांबले होते, आणि त्या शांततेंत माझ्या पिशवींतून 'खट्' असा आवाज झाला. बुवांनीं मान वळवून माझ्याकडे पाहिलें. मीं समईकडे पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. ती चीज त्यांनीं लवकरच आटोपती घेतली आणि भैरवी सुरू केली. त्यांनीं काय ओळखलें, कांहीं ओळखलें कीं नाहीं, हें मी त्यांना पुढें कधींच विचारूं शकलों नाहीं. ती टेपहि मीं पुन्हा लावली नाहीं.

बुवा जाऊन बरीच वर्षें झाल्यावर त्यांचे एक शिष्य माझ्याकडे आले. ती चीज बुवांनीं त्यांना शिकविण्यास आरंभ केला होता, पण ती पुरी होण्यापूर्वींच बुवा अंथरुणास खिळले. "त्या रात्रीं माडीवर तुम्ही होतां असें ऐकलें, म्हणून आलों," एवढेंच ते म्हणाले. मीं कपाट उघडलें आणि सर्व हकीगत सांगितली. आम्ही दोघांनीं ती टेप ऐकली. 'घरचीच मंडळी आहेत' हें वाक्य आलें तेव्हां मला त्यांच्याकडे पाहवेना. बाजू संपली. "पुढचें नाहीं?" त्यांनीं विचारलें. मीं मान हालविली. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "सर, तुम्ही विचारलें असतें तर बुवा रागावले नसते. फार तर त्या रात्रीं यंत्र बंद करा म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरीं बोलावून सबंध चीज म्हणून दाखविली असती. त्यांचा स्वभावच तसा होता."

बुवा खरोखर तसें वागले असते कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं. कदाचित् ते स्वच्छ 'नाहीं' म्हणाले असते. पण त्या दिवसापासून या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली. तोंवर मी समजत होतों कीं, माझा अपराध झालाच असेल तर तो एका चिजेपुरता, अर्ध्या तासाच्या नादापुरता. आतां दिसूं लागलें कीं, जी वस्तु मीं उचलली ती मागितल्यास मिळण्याजोगी असेल, तर उचलून मीं त्या वृद्धाची देण्याची संधि हिरावून घेतली. आणि ती मिळण्याजोगी नसेल, तर त्याच्या नकाराचा मान ठेवण्याची माझी संधि मीं दवडली. दोन्ही बाजूंनीं नुकसान झालें तें आमच्या परस्परांतील नात्याचें. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें जें कांहीं असतें तें देण्याघेण्याचें असतें. त्यांत एकानें न विचारतां घेतलें कीं दुसऱ्याला देतांच येत नाहीं.

मग अन्नपूर्णादेवींचें तें टिपलेलें वादन नष्ट करावें काय? तसें म्हणण्याचें धैर्य मला नाहीं. जें एकदां झालें तें कोणाच्या तरी हातांत पडतें, आणि मग तें कसें राखावें हा निराळा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हातीं तें पडलें त्यानें निदान एवढें करावें: तें आपलें आहे असें समजूं नये, त्याचा बाजार मांडूं नये, आणि ज्या घराण्याची ती विद्या त्या घराण्यांतील कोणी मागावयास आलें तर हकीगत न लपवितां स्वाधीन करावें. पुढें होणाऱ्या बैठकींसाठीं मात्र नियम सोपा आहे. यंत्र वाटेल तितकें लहान असावें, वाटेल तितकें आडोशाला असावें. फक्त गवयानें 'तें काय?' म्हणून विचारल्यास ज्याचें उत्तर देतांना आपल्याला समईकडे पाहावें लागेल, तें यंत्र बैठकींत नेऊं नये.

शिष्य जावयास निघाले तेव्हां त्यांनीं कॅसेट खिशांत ठेवली व म्हणाले, "ही मी शिकेन आणि शिकवीन, पण कोणाला ऐकविणार नाहीं." एक नक्कल माझ्यापाशीं ठेवूं का, असें मीं त्यांना विचारलें. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "नको, सर." मीं बरें म्हटलें, आणि जिन्यापर्यंत त्यांना पोंचवून आलों.